खोली मोजून कळवा

कोरेगाव
१३ जुलै १९९८

चि. प्रबुद्ध यास,
सप्रेम जयभीम.

काल रविवारी सकाळी वंदना आटोपल्यावर मी दीक्षाच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला. तुझी बहीण मुक्ता उठायच्या आत हे उरकायचं ठरवलं होतं, कारण ती त्या डब्याला हात लावू देत नाही. म्हणते, चालतंय ते बिघडवून ठेवाल. शिवणयंत्राच्या पेचकसानं मागचे स्क्रू काढले. झाकण तरी निघेना. शेवटी कळलं की ते वर उचलायचं नसून मागं ओढायचं असतं. आत बोटभर धूळ होती आणि कोपऱ्यात एका कोळ्यानं जाळं केलं होतं. त्याला कागदावर घेऊन परसात सोडलं, मग धूळ पुसली. एवढं होईपर्यंत मुक्ता मागं येऊन उभी होती, ते मला कळलंच नाही.

"फुटलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग फुटंल."

आता तुला हे का लिहितो ते सांगतो. हे यंत्र सातारच्या एका कचेरीनं काढून टाकलेलं, आपण मागच्या वर्षी घेतलेलं. आडवा, चपटा डबा आहे, त्यावर पडदा ठेवलेला. दीक्षानं आयटीआयला आरेखकाचा कोर्स केला, त्यानंतर ती याच यंत्रावर घरांचे नकाशे काढायला शिकली. सातारचे इंजिनियर जयराजसाहेब तिला घरी बसून करायचं काम द्यायला तयार आहेत. त्यांनी फ्लॉपीवर एका सोसायटीचा नकाशा नमुना म्हणून दिला. पण आपल्या पडद्यावर तो नीट उमटत नाही. बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. नकाशा जरा सरकवला की पडदा पुसला जातो आणि एकेक रेघ पुन्हा उगवेपर्यंत पोरगी हनुवटीला हात लावून बसते. साहेब म्हणाले, यंत्रात चांगलं ग्राफिक्स कार्ड घाला, म्हणजे चालेल. पण विजयादशमीपर्यंत काम सुरू झालं पाहिजे, त्यापुढं ते थांबणार नाहीत.

दुसरी गोष्ट तुला अर्धी माहीत आहे. आष्ट्याचे सोपानराव गेल्या महिन्यात दीक्षाला मागणी घालून गेले. स्थळ तूच सुचवलंस. त्यांचा सुगत तुझा वर्गमित्र, शिक्षक आहे, मुलगा खरोखर चांगला आहे. त्यांना लग्न याच वर्षी हवं आहे. मी त्यांना म्हणालो, "विजयादशमीपर्यंत दीक्षाचं काम सुरू झालं तर दोन वर्षं थांबू. नाही झालं तर यंदाच करू." सोपानरावांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ठरलं. दीक्षा आत चहा करत होती.

तेव्हा शब्द गेलेला आहे आणि तो आता या डब्यापाशी येऊन थांबला आहे. तू रात्रंदिवस हीच यंत्रं दुरुस्त करतोस. या डब्यात कुठलं कार्ड बसेल ते पाहून पाठव. आत एक पांढरी लहान खाच रिकामी आहे, एवढं मला दिसलं. कार्ड सांगली गाडीच्या कंडक्टरकडं दिलंस तरी चालेल. मी स्टँडवर कंट्रोलर असल्यानं वस्तू चुकत नाही.

वर्षावास सुरू झाला. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. यंदा वाचायचं काम माझ्याकडं आहे.

तुझा,
महेंद्र


सांगली
२० जुलै १९९८

ती. दाजी यांस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. आक्काच्या नकळत डबा उघडलात, धाडस केलंत. मी असतो तर उघडला नसता.

दीक्षाला सांगा, मामा कार्ड बघतो. पांढरी खाच आहे म्हणजे अर्धं काम झालं. पण हे चपटे डबे त्रास देतात. आत जागा कमी असते आणि प्रत्येक कंपनीची रचना वेगळी. आमच्या बिराप्पाशेठच्या दुकानात जुन्या यंत्रांतून काढलेली चांगली कार्डं पडून असतात, पण ती लांबलचक. म्हणून आधी मापं हवीत. उंची, रुंदी काय असेल ती असो. खोली तेवढी नीट मोजून इंचात कळवा. कार्ड बसणार की नाही हे सगळं खोलीवर आहे. खोलीत मध्ये काय काय आडवं येतं तेही लिहा.

दुकानात फोन करू नका. शेठ उचलतात आणि मला देत नाहीत.

आक्काला जयभीम.

आपला,
प्रबुद्ध


कोरेगाव
२७ जुलै १९९८

चि. प्रबुद्ध यास,
सप्रेम जयभीम.

तुझ्या सांगण्याप्रमाणं खोली मोजली. लांबी एकशे बत्तीस इंच, रुंदी एकशे वीस इंच. तू इंचात मागितलीस म्हणून फुटांचे इंच केले. पूर्वेला एक खिडकी आहे, तिचं एक दार लागत नाही.

मध्ये आडवं काय येतं ते लिहितो. दारामागं आईची लोखंडी पेटी. खिडकीखाली मुक्ताचं शिवणयंत्र. भिंतीला ज्वारीची दोन पोती. एक खाट. तुझं पत्र वाचून मला पटलं की यंत्राला मोकळं वातावरण लागत असणार, म्हणूनच सगळं खोलीवर आहे असं तू लिहिलंस. त्यामुळं पेटी आणि पोती मी बाहेर सोप्यात काढली. शिवणयंत्र काढायला गेलो तेव्हा मात्र घरात मोठं बोलणं झालं. मुक्ता म्हणाली, "आधी मला बाहेर काढा, मग मशीन." दीक्षा मध्ये पडली म्हणून ते तिथंच राहिलं. तेव्हा शिवणयंत्र धरून हिशेब कर. ते असलं तर चालेल का, हे स्पष्ट कळव. नाही चालणार म्हणालास तर मला पुन्हा तो विषय काढावा लागेल, आणि तो काढायची माझी इच्छा नाही.

मी हे सगळं ड्यूटीवरून आल्यावर दोन संध्याकाळी केलं. कंबर धरली आहे. पण जागा खरोखर मोकळी झाली. आता कार्ड पाठवायला हरकत नसावी.

तुझा,
महेंद्र


सांगली
३ ऑगस्ट १९९८

ती. दाजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी दुकानात उघडलं, ही माझी चूक झाली. वाचता वाचता मला हसू आवरेना. बिराप्पाशेठनं हातातून पत्र ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. शेठ म्हणाले, "पाव्हण्यांना लिही, कार्ड नको, सोफासेट पाठवतो." दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. दाजी, रागावू नका.

खोली म्हणजे डब्याची खोली. विहिरीची असते ना, तशी. फक्त विहिरीची खाली जाते आणि डब्याची आडवी. जिथं फ्लॉपी घालता त्या तोंडापासून, जिथं वायरी लागतात त्या पाठीपर्यंत किती इंच, एवढंच हवं होतं. पट्टी धरा आणि पोस्टकार्डावर एक आकडा लिहून टाका. मी लगेच कार्ड पाठवतो.

पेटी आणि पोती पुन्हा आत घ्या. आक्काच्या शिवणयंत्राला कुणी हात लावू नका.

आपला,
प्रबुद्ध


कोरेगाव
२४ ऑगस्ट १९९८

चि. प्रबुद्ध यास,
सप्रेम जयभीम.

दुकानात हसलात त्याचं मला काही वाटलं नाही, असं मी मुक्ताला सांगितलं. खरं म्हणजे वाटलं. आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर चार वर्ग शिकवायचे. खोली म्हणजे माणसं राहतात ती, आणि खोल असते ती विहीर, एवढंच आम्हाला माहीत. पण ते जाऊ दे.

पोस्टकार्डावर मी पावणेसोळा इंच कळवले. तू बारा इंचांचं कार्ड पाठवलंस. काल दुपारी विट्यावरून येणाऱ्या सांगली गाडीच्या कंडक्टरनं ते माझ्या हातात दिलं. मी ड्यूटी संपेपर्यंत टेबलावर ठेवून घेतलं. येणारा जाणारा विचारायचा, "साहेब, काय हे?" मी सांगायचो, "चित्राचं कार्ड." त्यावर तो मान डोलवून आपल्या गाडीकडं निघायचा.

घरी आल्यावर दीक्षा आणि मी डबा उघडला. तिनं कार्ड असं धरलं जसं तान्हं मूल धरतात. आणि ते बसत नाही. पुढच्या बाजूला फ्लॉपी आणि हार्ड डिस्कची लोखंडी चौकट आहे, कार्डाचं नाक तिला जाऊन अडतं. पावणेसोळा इंचात बारा इंच मावत नाहीत, हे गणित मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पहिल्या पत्रात मध्ये काय आडवं येतं ते तू विचारलंस, तेव्हा मी तुला ज्वारीच्या पोत्यांपर्यंत सगळं कळवलं. खरं विचारायचं होतं तेव्हा विचारलं नाहीस.

 दीक्षानं कार्ड पुन्हा रुपेरी पिशवीत घातलं, झाकण लावलं आणि नमुन्याचा नकाशा उघडून बसली. रेघा उगवत होत्या. मला विहारात जायला उशीर झाला होता. वाचताना दोनदा ओळ चुकली. म्हातारी साळूबाई पुढं बसते, ती म्हणाली, "आज ध्यान कुटं हाय?"

कार्ड उद्याच्या गाडीनं परत पाठवतो. श्रावण संपला. विजयादशमी काही लांब नाही.

तुझा,
महेंद्र


सांगली
३० ऑगस्ट १९९८

ती. दाजी यांस,
सप्रेम जयभीम.

कार्ड परत मिळालं. माझी चूक मान्य. तुम्ही दिलेल्या आकड्यातून चौकटीचे तीन-साडेतीन इंच मी मनातल्या मनात वजा केले आणि बारा बसतील असं धरलं. तुमची चौकट त्याहून लांब निघाली.

तुम्ही विचारणार म्हणून आधीच लिहितो. आतला बोर्ड काढून दुसऱ्या मोठ्या डब्यात बसवता येत नाही, त्याची भोकंच जुळत नाहीत. आखूड नवीन कार्ड मुंबईहून मागवता येतं, शेठनं विचारलं होतं, पण ते यायला दिवाळी उजाडेल. म्हणून आपल्याकडच्या जुन्यांतलंच बघायचं.

आता आकडे नकोत. पुठ्ठा घ्या. चार बोटं रुंद आणि चांगली हातभर लांब पट्टी कापा. तिचं एक टोक मागच्या भिंतीला जिथं कार्डाची पट्टी स्क्रूनं बसते तिथं टेकवा आणि खाचेच्या रेषेत पुढं सरळ ठेवा. जिथं चौकटीला अडेल तिथं कापा. पुन्हा ठेवून पाहा. बरोबर बसला की तो पुठ्ठाच मला पाठवा. मी तो कार्डावर ठेवून बघतो. पुठ्ठ्यात शब्दांची भानगड नाही.

परवा सुगत भेटला होता. तारीख कुठली धरायची विचारत होता. मी विषय बदलला.

आपला,
प्रबुद्ध


कोरेगाव
१४ सप्टेंबर १९९८

चि. प्रबुद्ध यास,
जयभीम.

तुझं दुसरं कार्ड शनिवारी आलं. बसत नाही.

पुठ्ठा मी स्वतः कापला होता. नव्या शर्टाच्या घडीत असतो तो पुठ्ठा घेतला, गुळगुळीत आणि सरळ. चार वेळा कापून, चार वेळा ठेवून पाहिला. शेवटी तो दोन्ही टोकांना टेकून बसला तेव्हा दीक्षाला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "अण्णा, जरा दाबून बसलाय." मी म्हणालो, "बसलाय ना?" तो तुला पाठवला. आणि तू त्याच्याहून पाऊण इंच लांब कार्ड पाठवलंस.

प्रबुद्ध, मी मनात येतं ते सहसा लिहीत नाही. आज लिहितो. सुगत तुझा मित्र आहे. स्थळ तू आणलंस. सोपानरावांकडं तुझं जाणं-येणं आहे, तारखेची बोलणी तुझ्यापाशी होतात. एक कार्ड मोठं आलं ते चुकून, असं मी समजलो. दुसरं माप हातात असताना मोठं आलं. दोन महिने मी तुझ्या कार्डांची वाट पाहत सांगली गाडीच्या पायरीपाशी उभा राहतो. कंडक्टर हसतात. ते हसणं मी सोसलं. पण तू मुद्दाम वेळ घालवत असशील, तर ते मला सोसवणार नाही. तसं असेल तर सरळ लिही.

विजयादशमीला थोडेच दिवस आहेत. काम सुरू झालं असं खोटं मी सोपानरावांना सांगणार नाही. खोटं बोलणार नाही असं रोज सकाळी पंचशीलात म्हणतो, ते नुसतं म्हणण्यासाठी म्हणत नाही. तेव्हा कार्ड बसलं नाही, तर मला यंदा लग्न करून द्यावं लागेल. हे तुला कळतं आहे, असं मी धरून चालतो.

महेंद्र


कोरेगाव
१७ सप्टेंबर १९९८

चि. प्रबुद्धला,
आक्काचा जयभीम.

माझं अक्षर तुला म्हायती हाय, लावून वाच. तुझ्या दाजींनी तुला वाकडं लिवलंय. मला दाखवलं न्हाई, पन पत्र टाकून आलं आन जेवलं न्हाईत, तवाच मी वळखलं. मनावर घिऊ नगं.

हितं रोज सांजच्याला डबा उघडायचा, डबा झाकायचा, हेच चाललंय. स्क्रू पार गुळगुळीत झाल्यात. मी म्हनलं, आवं, त्या डब्याला तरी इसावा द्या. तर म्हंत्यात, तुझं मन आष्ट्याकडं हाय, तू बोलू नगंस. आता माझं मन आष्ट्याकडं हुतं, ते मी लपवत न्हाई. मानसं चांगली हायत, घरात पानी हाय, पोरगा निर्यसनी. कुनाला आवडनार न्हाई?

पर परवा मी कपडे धुताना पोरगीला इचारलं. म्हनलं, दीक्षे, खरं सांग, तुझ्या मनात काय हाय? तर म्हनली, "आई, कार्ड बसू दे न्हाईतर न बसू दे, मला आत्ता लगीन न्हाई करायचं." म्हनलं, मग बोलत का न्हाईस? म्हनली, "अण्णांनी शब्द दिलाय. मी न्हाई म्हनलं तर अण्णा खोटं पडत्यात." आन पुन्हा धुनं आपटाय लागली. दोन महिनं पोरगी गप हाय ती हेच्यापायी. आन मी समजत हुते लाजतिया.

तुझं दाजी कवा खोटं बोलत न्हाईत रं, पन कुनाला तोंडावर न्हाई बी म्हनत न्हाईत. साऱ्या जल्मात म्हनलं न्हाई. सोपानराव आलं तवा म्हनाय पायजे हुतं, पोरगीला इचारून सांगतो. तर कामाची अट घातली. आता त्या डब्याला सांगत्यात, तू माझ्या बदली न्हाई म्हन.

मी सांगितलं तर त्यांस्नी वाटनार मी भांडाय बसलेय. तू सांग. तू सांगितलंस तर ऐकतील. तुझ्यावर रागावल्यात, पर ऐकतील.

तुझी,
आक्का


सांगली
२१ सप्टेंबर १९९८

ती. दाजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

कार्ड मी मुद्दाम मोठं पाठवलं नाही. तुमचा पुठ्ठा कार्डावर ठेवला, टोकाला टोक जुळलं, म्हणून पाठवलं. तुमचं पत्र आल्यावर तो पुठ्ठा पुन्हा काढला आणि दिव्याखाली धरला. मधोमध एक बारीक घडी आहे, दाजी. शर्टाचा पुठ्ठा मऊ असतो. तुम्ही तो दाबलात, तो मध्ये फुगला आणि बसला. कार्डाला फुगता येत नाही. दीक्षा तुम्हाला म्हणाली होती ना, दाबून बसलाय. तुम्हीच लिहिलं आहे.

कार्डाचं एवढंच. आता दुसरं लिहितो, त्याचा राग आला तरी चालेल.

आक्काचं पत्र आलं. दीक्षाला आत्ता लग्न करायचं नाही. काम मिळालं तरी नाही आणि न मिळालं तरी नाही. हे तिनं आक्काला सांगितलं. तुम्हाला सांगत नाही, कारण तुमचा शब्द मोडेल. तुम्ही तिला विचारलं नाहीत. मीही विचारलं नाही. स्थळ आणताना मित्राचा विचार केला, भाचीचा नाही. त्या पोरीची कुणी विचारपूस केली असेल तर ती धुण्याच्या दगडावर आक्कानं.

तुम्ही मला विचारलंत, मुद्दाम वेळ घालवतोस का. मी तुमच्याहून लहान आहे, पण मलाही विचारायचं आहे. ही अट कशाला घातलीत? कार्ड बसलं असतं तर आष्ट्याला नकार कोणी दिला असता, तुम्ही की कार्डानं?

सुगतला मी समजावून सांगतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो समजूतदार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.

ते दुसरं कार्ड गाडीनं परत पाठवायची घाई नाही.

आपला,
प्रबुद्ध


कोरेगाव
२८ सप्टेंबर १९९८

चि. प्रबुद्ध यास,
सप्रेम जयभीम.

तुझ्यावर मी जो आरोप केला तो खोटा होता. मागं घेतो. लिहायला एक ओळ लागते, पण सोपी नाही.

तुझं पत्र स्टँडवर मिळालं. त्या वेळी साताऱ्याच्या गाडीची घोषणा करायची होती. मी रहिमतपूरची केली. लोक तिकडं पळाले, मग परत पळाले. एक बाई म्हणाली, "आवं, तुमालाच म्हायती न्हाई तर आमी कुटं जावं?" ड्यूटी तशीच संपवली.

घरी दीक्षा नकाशासमोर बसली होती. जयराजसाहेबांचा निरोप दुपारीच आला होता, काम त्यांनी सातारच्या दुसऱ्या मुलाला दिलं. विजयादशमीपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. ती मला ते सांगू लागली, तर मी तिला थांबवलं आणि विचारलं. सरळ विचारलं, तुला आष्ट्याला जायचं आहे का?

तिनं नकाशा बंद केला. मग म्हणाली, "अण्णा, तुम्ही डबा उघडला की माझ्या मनात एकच यायचं. बसलं तर सुटले, नाही बसलं तर गेले. पुठ्ठा दाबून बसलाय हे मला दिसत होतं, तरी मी पुढं बोलले नाही. वाटलं, बसू दे."

मी म्हणालो, "मला सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "तुम्ही विचारायचं होतं."

तिनं हे आवाज चढवून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. साध्या आवाजात म्हणाली. मुक्ता दारात उभी होती. 

सुगतला तू समजावणार होतास. त्या गोष्टीला मी हो म्हणालो नाही, कारण मग पुन्हा माझं बोलणं दुसऱ्यानं केलं असतं. काल सुट्टी टाकली आणि कराडला गाडी बदलून आष्ट्याला गेलो. कुणाला सांगितलं नाही. मुक्ताला वाटलं ड्यूटीवरच गेलो.

सोपानराव सोप्यातच होते, हळद निवडत बसलेले. मला पाहून उठले. आत हाक दिली, "पाव्हणं आल्यात, च्या टाका." मग म्हणाले, "काय, काम लागलं का लेकीचं?"

मी म्हणालो, "नाही लागलं."

त्यांचा चेहरा उजळला. चांगला माणूस आहे, लपवता येत नाही त्यांना. म्हणाले, "मग झालं की आमचंच. मी म्हनलं नव्हतं, मोठ्या कामाच्या गप्पा आसत्यात सगळ्या."

"तसं नाही सोपानराव," मी म्हणालो. "काम लागलं नाही, तरी लग्न यंदा होणार नाही. तिला आत्ता करायचं नाही. पुढं कधी करेल, कुणाशी करेल, तेही मी सांगू शकत नाही. तेव्हा तुम्ही थांबू नका."

त्यांनी पुढ्यातली हळद बाजूला सारली. "शब्द दिला व्हता की तुमी."

"दिला होता. तो मोडतोय."

"रोज शील म्हनता न्हवं तुमी? विहारात वाचन करता?"

"म्हणतो. म्हणूनच आलो. त्या दिवशी मला नाही म्हणायचं होतं आणि मी अट घातली. खोटं ते होतं. आज काम लागलं असतं तर मी मोठ्या तोंडानं तुम्हाला तेच कारण सांगितलं असतं, आणि तुम्ही मला खरा माणूस म्हणाला असता."

तेवढ्यात चहा आला.  सुगत आतून आला, त्यानं सगळं ऐकलं असावं. मला जयभीम घातला आणि बापाला म्हणाला, "दादा, ते हितवर सांगाय आल्यात. पत्रानं बी कळवता आलं असतं त्यांस्नी." सोपानराव त्याच्यावर खेकसले, "तू गप बस." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "नाराज झालोय मी. लय नाराज झालोय. ते तुमी ध्यानात ठेवा."

मी म्हणालो, ठेवीन. त्यांनी मला स्टँडपर्यंत सोडायला यायला हवं होतं, आपल्यात तशी रीत आहे. ते आले नाहीत. सुगतही आला नाही, त्याला बापानं येऊ दिलं नसणार. इस्लामपूरची गाडी भरलेली होती, उभ्यानंच आलो.

घरी येऊन दोघींना सांगितलं. मुक्तानं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "एवढं लांब जाऊन कराय पायजे हुतं व्हय?" पण ताट वाढताना तिनं भाकरी गरम दिली. दीक्षा उठून माझ्या पाया पडायला आली, तर मी तिला पडू दिलं नाही. त्यात तिनं आभार मानण्यासारखं काही नव्हतं.

नकार कोणी दिला असता, तुम्ही की कार्डानं, असं तू विचारलंस. आष्ट्याला मी स्वतः नाही म्हणून आलो.

तुझा,
महेंद्र